सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. बहुतेक माणसे शेती करणारी किंवा साखर कारखान्यात काम करणारी. २०२२च्या १४ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी दिवसाच्या आदल्या दिवशी, या गावाने सभेत ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावर बसविलेला भोंगा वाजेल आणि तो वाजताच प्रत्येक घरातील मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद होईल. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल. मग ज्याला जे हवे ते त्याने करावे. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि माणसांनी माणसांशी बोलण्याचा. सव्वादोन वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये, आमच्या बेळगावला लागून असलेल्या हलगा या गावाने तोच कित्ता गिरविला. तेथे वेळ सात ते नऊ अशी ठरली. ज्या सुवर्ण विधानसौधावरून सीमाभागात इतके रामायण घडले, ते याच हलग्याच्या शेजारी उभे आहे, हे बाहेरगावच्या वाचकांच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.

वृत्तपत्रांनी या दोन्ही गावांची दखल ‘डिजिटल डिटॉक्स’ अशा भारदस्त नावाखाली घेतली. बातम्यांचा सूर बहुधा कौतुकाचा आणि थोडासा नवलाचा होता. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एकविसाव्या शतकातील सर्वांत चतुर यंत्राला आवर घालण्यासाठी या गावांनी जे साधन निवडले, ते एकोणिसाव्या शतकातील होते. भिंतीवरचे घड्याळ, हातातला मोबाइल, त्यातला गजर हे सारे उपलब्ध असताना त्यांना भोंगाच का हवासा वाटला? या प्रश्नाचा माग काढू लागले की आपण बरेच मागे जाऊन पोहोचतो.

आपल्याकडे वेळ ही पाहण्याची वस्तू फार उशिरा झाली. त्याआधी ती ऐकण्याची गोष्ट होती. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र तरंगत ठेवीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र. पात्र बुडाले की राखणदार टोला देई आणि तो टोला साऱ्या वस्तीला ऐकू जाई. राजवाड्यांच्या आणि मोठ्या देवस्थानांच्या नगारखान्यात चौघडा झडे, पहाटे काकडआरती होई, दिवेलागणीला घंटा वाजे. या व्यवस्थेचा एक विशेष असा की, कोणाची वेळ दुसऱ्यापासून वेगळी नसे. जो ध्वनी पाटलाच्या कानावर पडे, तोच बलुतेदाराच्याही. अमुक वेळी अमुक करावयाचे, हे ठरविण्यासाठी कोणा एकट्याला मनोनिग्रह करावा लागत नसे. सारे गावच तसे करीत असे.

भोंगा हा या टोल्याचा यंत्रयुगातील वारस. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी आरंभिली, १८५६मध्ये ती चालू झाली आणि पुढे पन्नास वर्षांत गिरणगाव नावाचा एक स्वतंत्र मुलूखच तयार झाला. त्या मुलखाचे पंचांग भोंग्यावर चाले. भोंगा मालकाचा होता, तो कामगाराला अंथरुणातून ओढून काढीत असे, हे खरे. पण तो दोनदा वाजत असे, ही गोष्ट आपण विसरतो. पहिल्या भोंग्याने माणूस गिरणीचा होई आणि दुसऱ्या भोंग्याने तो पुन्हा स्वतःचा, भजनी मंडळाचा, तालमीचा, खाणावळीच्या पंगतीचा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ते भोंगे मुके झाले. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात मात्र साखर कारखान्यांच्या पाळ्यांमुळे भोंग्याची ओळख टिकून राहिली. वडगावकरांच्या कानांना हा आवाज परका नव्हता.

वेळ लादल्यावर काय होते, याचाही एक धडा मुंबईच्याच इतिहासात आहे. १ जानेवारी १९०६पासून ब्रिटिश सरकारने भारतभर एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटांनी पुढे होती. घड्याळाचा काटा ३९ मिनिटे पुढे ढकलला एवढेच. पण गिरणी कामगारांना पहाटेच्या अंधारात तेवढे आधी उठावे लागणार होते. त्यावरून कामगारांत खळबळ माजली, सभा झाल्या, आणि मुंबईची महानगरपालिका आपली जुनी ‘मुंबई वेळ’ धरून बसली. शहरात दोन वेळा नांदत राहिल्या, त्या थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे प्रकरण फार बोलके वाटते. परिपत्रक निघाले म्हणजे अंमल झाला, अशी वरच्यांची समजूत असते. ३९ मिनिटांसाठी एका शहराने साम्राज्याला चार दशकांहून अधिक काळ वाट पाहावयास लावली.

आता दूरध्वनीकडे वळू. भारतात टेलिफोनची पहिली केंद्रे १८८२मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. पण मध्यमवर्गीय घरात तो यावयास शंभर वर्षे लागली. तोवर घाईचा निरोप म्हणजे तार. ती दारात आली की घरातली माणसे आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आणि मग लिफाफा उघडीत. तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. तारेच्या प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून तिच्यात एकही शब्द फुकटचा नसे. दूरध्वनी घरात आला तोही काही वर्षे प्रतीक्षायादीत काढून. मग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी तिपाई, तिच्यावर विणलेला रुमाल, शेजारी नंबरांची वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावे लागे. १९६०मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान थेट क्रमांक फिरविण्याची सोय प्रथम झाली. ती तालुक्याच्या गावी पोहोचून एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले, तेव्हा ऐंशीचे दशक संपत आले होते.

त्या दूरध्वनीला ठिकाण होते. बोलावयाचे असेल तर माणूस त्याच्याजवळ जाई; तो माणसाच्या मागे येत नसे. त्याची घंटी साऱ्या घराला ऐकू जाई, आणि कोण कोणाशी किती वेळ बोलले हेही. कचेरीत तर घंटी आणि अधिकारी यांच्यामध्ये शिपाई उभा असे. ‘साहेब बैठकीत आहेत’ हे त्याचे वाक्य पुष्कळदा सत्याला धरून नसे. पण त्या एका वाक्याच्या आडोशाने कितीतरी संचिका सुरळीत वाचल्या गेल्या. आज हजारो रुपये मोजून घेतलेल्या यंत्रात हा शिपाई नसतो. तो आपण नेमावा लागतो.

दूरचित्रवाणीलाही काही काळ वेळेचे बंधन होते. रामायण जानेवारी १९८७मध्ये आणि महाभारत ऑक्टोबर १९८८मध्ये सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या वेळीही विचारी मंडळींनी हळहळ व्यक्त केली होतीच. पण ती मालिका संपे, पाटी येई आणि लोक उठून आपापल्या कामाला लागत. संपणे हा त्या कार्यक्रमाचा धर्म होता. पुढे खासगी वाहिन्यांनी संध्याकाळी सात ते दहा हा पट्टा आपल्या नावे करून घेतला. दिवेलागणीच्या वेळी परवचा म्हणणारी घरे मालिकांच्या शीर्षकगीतांनी भरली. वडगावच्या भोंग्याची वेळ नेमकी सातची का, याचे उत्तर येथे मिळते. गावाने नवीन वेळ शोधून काढली नाही. गेलेली परत मागितली.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यामध्ये झाले. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. ती आकारणी २००३मध्ये थांबली. ‘मिस्ड कॉल’ ही खास भारतीय सांकेतिक भाषा त्याच काटकसरीतून जन्मली: एकदा वाजला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर खाली ये. खिशाला बसणारी चाट हाच तेव्हा मोबाइलच्या वापरावरचा लगाम होता. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि कंपन्यांच्या दरयुद्धात तो लगाम तुटला. एका जीबीला दोनअडीचशे रुपये पडत होते, ते पाहता पाहता दहा-पंधरा रुपयांवर आले. गावोगावच्या गरिबालाही जगाचे दार उघडले गेले. त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. सातबाराचा उतारा, बाजारभाव, परगावच्या मुलाचे तोंड, हे सारे त्या दारातूनच आत आले. पण दार सताड उघडे राहिले, की त्यातून काय काय आत येते हे घरमालकाच्या हाती राहत नाही.

आत काय आले ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण ‘लोकांना संयम राहिला नाही’ हे नेहमीचे निदान मला अपुरे वाटते. २००६मध्ये अझा रस्किन या अमेरिकी रचनाकाराने पानाचा तळ नाहीसा करणारी युक्ती काढली. खाली सरकवीत राहावे आणि मजकूर येतच राहावा. पुस्तकाला पान असते, वर्तमानपत्राला शेवटचा स्तंभ असतो, कीर्तनाला भैरवी असते. थांबण्याची ही जागाच काढून टाकली गेली. रस्किन यांनी पुढे या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २००७मध्ये ॲपलचा आयफोन आला. फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकने ‘लाइक’चा अंगठा आणला. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने अशी सोय दिली की, फोन मिटलेला असतानाही कोणतेही ॲप बाहेरून टकटक करू शकेल. तीन वर्षांत तीन कड्या जोडल्या गेल्या: न संपणारे पान, मोजता येणारी वाहवा आणि कधीही वाजणारी घंटी.

या साखळीचे सामर्थ्य कशात आहे, हे मानसशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांची तपशीलवार नोंद आहे. कळ दाबल्यावर दाणा दर वेळी न मिळता अनिश्चितपणे मिळू लागला, की कबूतर ती कळ अधिक चिकाटीने दाबत राहते. आपल्याकडे हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. मटक्याने ते केव्हाच सिद्ध केले होते. न्यूयॉर्कहून मुंबईच्या कापूस बाजारात येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडा लावण्याचा हा धंदा. तारेने आलेल्या भावावर तो वाढला आणि ती सोय आटल्यावर, साठच्या दशकाच्या आरंभी, मडक्यातून चिठ्ठ्या काढून चालू राहिला. आमच्या भागात त्याला ‘ओसी’ म्हणत, म्हणजे ओपन-क्लोज. आकडा लावणारा माणूस दिवसभर दुसऱ्या कशात लक्ष घालू शकत नसे, कारण आकडा केव्हा फुटेल याकडे त्याचे मन लागलेले असे. हरण्याचे दुःख दुय्यम. ते ‘केव्हा’ हेच व्यसन होते. मोबाइल उचलून ‘काही आले का’ म्हणून पाहणारी बोटे त्याच जातीची आहेत. फरक इतकाच की मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटे.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१मध्येच मांडून ठेवले होते की, माहिती जितकी मुबलक तितकी तिला लागणारी अवधानाची पुंजी दुर्मिळ होते. त्या दुर्मिळ पुंजीचा बाजार पुढे कंपन्यांनी उभारला. २०१३मध्ये गूगलमधीलच ट्रिस्टन हॅरिस या कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांपुढे एक सादरीकरण ठेवून, वापरणाऱ्याच्या अवधानाचा मान राखा, अशी विनंती केली. २०१८मध्ये ॲपल आणि गूगल या दोघांनीही फोनमध्येच किती वेळ गेला हे दाखविणारी आणि मर्यादा घालून देणारी सोय दिली. ती उपयोगी आहे; पण मर्यादा संपल्यावर ‘आज दुर्लक्ष करा’ असे बटणही तिच्याच शेजारी आहे. गुत्तेवाल्याने गिऱ्हाईकाला प्याले मोजण्याची पाटी भेट द्यावी, तशातला हा प्रकार.

वडगावची वेळ आली ती २०२०च्या महामारीनंतर. शाळा बंद, शिक्षण मोबाइलवर; म्हणून ज्या घरात एकच साधा फोन होता तेथेही मुलांसाठी स्मार्टफोन घेतला गेला. शाळा उघडल्या, पण फोन परत आला नाही. शिक्षकांनी तक्रारी केल्या. गावात हा विषय निघाला तेव्हा आरंभी पुरुष मंडळींनी तो हसण्यावारी नेला; महिलांनी मात्र मालिकांत आपलाही वेळ जातो असे मोकळेपणाने सांगत ठरावाला बळ दिले. मग आशासेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. भोंगा वाजला तरी फोन बंद झाला का हे पाहावयास कोणीतरी दारात येई, आणि येणारे माणूस ओळखीचे असे.

हे सांगली जिल्ह्यात घडावे यालाही पार्श्वभूमी आहे. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच टापूत लोकन्यायालये चालविली. याच जिल्ह्यातील आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २०००च्या सुमारास, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २००७मध्ये ते गृहखाते पाहत असताना तंटामुक्त गाव मोहीम. गावाने एकत्र बसून स्वतःला नियम घालून घ्यावा, सरकारी दंडुक्याची वाट पाहू नये, ही सवय त्या मातीत मुरलेली आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला तोही २०२२च्याच मे महिन्यात.

परंतु गावाचा ठराव म्हणजे चांगलाच ठराव, असे समजण्याचे कारण नाही. २०१६मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने अविवाहित मुलींनी मोबाइल वापरू नये असा फतवा काढला आणि २,१०० रुपये दंड ठेवला. मुलग्यांना तो नियम नव्हता. नोव्हेंबर २०२२मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलामुलींच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू सूरजसारखा नव्हता, मुलांच्या भल्याचाच होता. पण ठराव करणारे हात स्वतःच्या खिशातला फोन तसाच ठेवून वर झाले होते. वडगाव आणि हलगा यांचे वेगळेपण येथे दिसते. भोंगा वाजला की सरपंचाचाही फोन मिटावा लागतो. घरातला दूरचित्रवाणी संच बंद ठेवा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने ग्रामपंचायतीला दिलेला नाही; म्हणून या नियमाला आधार एकच, तो करणाराने पाळलेला असणे. बाप हॉलमध्ये चित्रफिती पाहत बसला असता मुलाला अभ्यासाला बसवणे हे काम कोणत्याही भोंग्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जगातील सरकारेही या प्रश्नाला आता भिडू लागली आहेत. फ्रान्सने २०१८मध्ये शाळांतून फोन हद्दपार केले. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही असा कायदा डिसेंबर २०२५पासून अमलात आला. मला यांपैकी सर्वांत लक्षणीय वाटते ते जपानमधील तोयोआके हे शहर. कामाचा किंवा अभ्यासाचा वेळ सोडून दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक फोन पाहू नये, अशी सूचना त्याने ऑक्टोबर २०२५पासून लागू केली. ती मुलांसह सर्व नागरिकांना आहे आणि तिच्यात दंड नाही. म्हणजे वडगावचाच मार्ग, फक्त भोंगा नाही.

भोंगा नसलेल्या शहरात माणसाने काय करावे? जुन्या दूरध्वनीच्या इतिहासातच याचे बरेचसे उत्तर आहे: यंत्राला पुन्हा ठिकाण द्यावे आणि वेळ द्यावी. फोनसाठी घरात एक तिपाई, किंवा फळी, ठरवून टाकावी. घरी आले की तो तेथे राहील, वाजला तर उठून जाऊन घ्यावा. झोपण्याच्या खोलीत तो नसावा; गजरासाठी किल्लीचे किंवा सेलचे घड्याळ आणावे, ते अजूनही दोनतीनशे रुपयांत मिळते. शिपाई नेमावा, म्हणजे माणसांचे फोन आणि निरोप सोडून बाकी साऱ्या ॲपांची टकटक बंद करून टाकावी; वर्तमानपत्राचे ॲप, दुकानाचे ॲप, खेळाचे ॲप यांना आपल्या दिवाणखान्यात केव्हाही हाक मारण्याचा हक्क नाही. पडदा रंगीत न ठेवता करडा करण्याची सोय बहुतेक फोनांत असते. मिठाईचा रंग उडाला की हात कमी वेळा जातो. आणि नुसते ‘पाहणार नाही’ असे ठरवू नये. त्या जागी दुसरे काही ठेवावे. सातला फोन फळीवर, सातला पुस्तक हातात. दोन्ही एकाच क्षणाला बांधलेले असले म्हणजे पहिल्याची आठवण दुसरे करून देते.

याला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडावयास मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फार बिघडले नाही. २१ दिवसांत सवय जडते, असे व्याख्यानांतून सांगणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. दुसरा अभ्यास कॅनडा-अमेरिकेतील संशोधकांचा, २०२५चा. ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचे इंटरनेट बंद ठेवावयास सांगितले. बोलणे आणि साधे संदेश चालू. म्हणजे स्मार्टफोनचा जुना दूरध्वनी केला. पडद्यापुढचा रोजचा वेळ पाच तासांवरून तीन तासांच्या आत आला. एकाग्रता, मनःस्वास्थ्य यांपैकी निदान एकात तरी दहापैकी नऊ जणांना सुधारणा आढळली. पण पूर्णपणे नियम पाळणे फारच थोड्यांना जमले. एकट्याने पाळावयाच्या नियमाची ही मर्यादा वडगावकरांनी कोणताही अभ्यास न वाचता ओळखली होती. ज्यांची गोष्ट सवयीच्या पलीकडे गेली आहे, त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४मध्ये खास चिकित्सालय सुरू केले आहे. तेथे जाण्यात संकोच वाटू नये.

भोंग्यावर आक्षेपही आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. रात्रपाळीची वीज आली का हे ज्याला फोनवर कळते आणि विहिरीवरची मोटार ज्याला फोनवरूनच सुरू करावयाची असते, त्या शेतकऱ्याचे काय? सैन्यात असलेल्या मुलाला संध्याकाळीच फोन करावयास सवड मिळते, त्या आईचे काय? ज्या सुनेला दिवसभरात माहेरशी बोलावयास हीच घटका मोकळी, तिने कोणत्या भोंग्याची वाट पाहावी? घरात एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने सातनंतरचा फोन हे व्यसन मुळीच नव्हे. तीच त्याची ओसरी. नियमाला या अपवादांची जागा ठेवावी लागेल. वाजणारा फोन घ्यावा, पण न वाजणारा उचलू नये, एवढी साधी वाटणी केली तरी यांतील बहुतेकांची सोय होते.

सीमाभागातील आम्हा लोकांना या दीडदोन तासांत आणखी एका गोष्टीची आस आहे. आमच्या मुलांची शाळा एका भाषेत, बाजार दुसऱ्या भाषेत आणि मोबाइल तिसऱ्याच भाषेत चालतो. मराठी उरते ती संध्याकाळच्या घरात, आजीच्या बोलण्यात, जेवणाच्या ताटावर. तो प्रहर पडद्याने घेतला तर ती कोठे उभी राहील, हे कोणत्याही आयोगापुढे मांडता येण्याजोगे गाऱ्हाणे नाही. त्याची दाद आपल्याच उंबऱ्याच्या आत लागावयाची. बेळगावातील वाचनालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, पण आता संध्याकाळी तेथे बहुधा आमच्या वयाचेच लोक भेटतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांचा अनुभव फार वेगळा असेल असे वाटत नाही. हलग्यासारख्या गावांशेजारच्या वाचनालयांनी सात ते नऊ या वेळात मुलांसाठी पुस्तकांची एक पेटी गावात पाठवावी, मराठी पुस्तके घालून आणि हवी तर कन्नडही. दर पंधरवड्याला ती बदलावी. पेटी नेण्याआणण्याचा खर्च एका सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांहून अधिक येणार नाही. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे हा विषय यावा, अशी विनंती मी लेखी दिली आहे.